मंडईपलीकडचा प्रेक्षक : गोंदियाच्या लोककलावंतांसाठी वेब-निरीक्षणाची साधने

वेब-निरीक्षण म्हणजे ठरावीक नावे, शब्द किंवा पाने इंटरनेटवर कुठे आणि केव्हा दिसतात, यावर साधनांकरवी सतत नजर ठेवणे. मोठ्या कंपन्या आणि राजकीय पक्ष यासाठी पगारी माणसे ठेवतात. पण यातली कामाची बरीच साधने फुकट आहेत, साध्या मोबाइलवर चालतात आणि देवनागरीत दिलेला शब्दही ओळखतात. दंडार, खडी गंमत, झाडीपट्टीचे नाटक, गोंडी किंवा पोवारी गाणी सादर करणाऱ्या मंडळांना ती वापरता येतात. मात्र नजर कशावर ठेवायची हे आधी नक्की झाले पाहिजे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके. दिवाळी झाली, धान कापणीला आले की गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक किंवा ड्रामा, कुठे खडी गंमत, कुठे छत्तीसगढी नाचा. सासुरवाशिणी माहेरी येतात, पाहुणे मुक्कामाला राहतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. नाटकाचा पडदा रात्री उशिरा उघडतो आणि खेळ उजाडेपर्यंत चालतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत नाटकांच्या बुकिंगचे मुख्य ठाणे म्हणजे गडचिरोलीतील वडसा, म्हणजेच देसाईगंज. गावातले मंडळ तिथल्या नाटक कंपनीकडून तारीख घेते, ठरलेली रक्कम देते आणि तिकिटे विकून खर्च काढते. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा चार जिल्ह्यांबाहेरच्या अनेकांना या रंगभूमीचे नाव पहिल्यांदा कळले.

या व्यवहारात प्रेक्षक दोन प्रकारचे असतात. एक, तिकीट काढून सतरंजीवर किंवा खुर्चीवर बसणारा. दुसरा, खेळ ठरवणारा : गावातले नाट्य मंडळ, शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची, समिती, यात्रेची पंचकमिटी, नागपूर-पुण्यातल्या झाडीपट्टीकरांचे स्नेहसंमेलन, महाविद्यालयाचा सांस्कृतिक विभाग. पैसा दुसऱ्याकडून येतो. बहुतेक कलावंत इंटरनेटवर पहिल्याला शोधतात, म्हणजे लाइक आणि व्ह्यू मोजत बसतात, आणि दुसऱ्याकडे त्यांचे लक्षच जात नाही. निरीक्षणाचा खरा उपयोग खेळ ठरवणारा हुडकण्यात आहे.

शब्दांची यादी

साधन कोणतेही असो, त्याला शब्द द्यावा लागतो, आणि झाडीपट्टीच्या बाबतीत निम्मी मेहनत इथेच आहे. ‘झाडीपट्टी’ हे नाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहिले जाते. कोणी झेडने सुरुवात करतो, कोणी जे आणि एच जोडतो, कोणी झेडपुढे एच लावतो. टी एक की दोन, याचाही नेम नाही. गोंदियाच्या स्पेलिंगमध्ये कोणी वाय घालतो, कोणी घालत नाही. देवनागरीतही दंडार-दंढार, खडी गंमत-खडीगंमत असे भेद आहेत. जिल्ह्याची उत्तरेची हद्द मध्य प्रदेशातील बालाघाटला आणि पूर्वेची छत्तीसगडला लागून असल्याने हिंदी रूपे वेगळी धरावी लागतात. आपली मंडई तिकडे मड़ई होते आणि गंमतीचे गम्मत होते. या सर्व रूपांची यादी एका वहीत किंवा मोबाइलच्या नोंदपानावर करून ठेवावी.

शब्द फार साधा असला तर निकालांचा पूर येतो. ‘मंडई’ एवढेच दिले की पुण्याची महात्मा फुले मंडई, भाजीचे भाव आणि गणेशोत्सव हाती लागतो. नाटकांच्या नावांचेही तसेच. झाडीपट्टीत कौटुंबिक, एका-दोन शब्दांची नावे चालतात. समजा, नाटकाचे नाव ‘कुंकू’ असले, तर प्रभातचा १९३७चा चित्रपट आधी समोर येईल. म्हणून नाटकाचे नाव कधीही एकटे देऊ नये. त्याला मंडळाचे नाव किंवा गाव जोडावे.

मंडळाचे नावच फार सामान्य असेल तर मात्र साधनाला दोष देण्यात अर्थ नाही. एखाद्या देवीच्या नावापुढे ‘कला मंडळ’ लावलेली मंडळे महाराष्ट्रात किती असतील याची गणती नाही. अशा मंडळाने बॅनरवर, व्हिडिओच्या शीर्षकात आणि फेसबुक पानावर नावासोबत गाव आणि तालुका न चुकता, एकाच पद्धतीने लिहावा. शोधता येईल असे नाव नसेल तर शोधणारा परत जातो.

गुगल अलर्ट्स

यातले सर्वांत सोपे साधन गुगल अलर्ट्स. २००३पासून ते फुकट उपलब्ध आहे. जीमेलचे खाते उघडून अलर्ट्सच्या पानावर शब्द टाकला की तो शब्द असलेले नवे पान गुगलच्या नोंदीत आल्यावर ई-मेल येतो. शब्द टाकल्यावर पर्यायांची छोटी चौकट उघडते. ती तशीच सोडून देऊ नये. सूचना किती वेळा, तर हंगामात रोज एकदा आणि एरवी आठवड्यातून एकदा. भाषा ‘कोणतीही’ ठेवावी, कारण गोंदियाच्या मंडईची बातमी हिंदी वृत्तपत्रातही येते. निकाल ‘फक्त उत्तम’ नकोत, ‘सर्व’ हवेत. गावपातळीची बातमी गुगलच्या लेखी उत्तम ठरेलच असे नाही.

गोरेगाव तालुक्यातल्या एखाद्या दंडार मंडळाचे उदाहरण घेऊ. पहिला अलर्ट मंडळाच्या पूर्ण नावाचा, दुहेरी अवतरणचिन्हांत. अवतरणचिन्हे दिली की शब्द त्याच क्रमाने असलेली पानेच येतात. दुसरा अलर्ट खेळ ठरवणाऱ्यांसाठी : “मंडई” “गोंदिया” दंडार -पुणे -भाजीपाला. उणे चिन्ह शब्दाला चिकटून असावे, मध्ये जागा सोडली तर त्याचा उपयोग होत नाही. तिसरा अलर्ट त्याच आशयाचा, हिंदी रूपांत, गोंदियाऐवजी बालाघाट घालून. चौथा ‘शंकरपट’ आणि तालुक्याचे नाव. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३मध्ये बैलगाडा शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरवला असून शंकरपट उघडपणे जाहीर होतात, आणि झाडीपट्टीत पटाच्या रात्री नाटक असतेच. पटाची तारीख कळली म्हणजे नाटकाची मागणी कुठे आहे हे कळले. असे चार अलर्ट पुरेत. चाळीस लावले की आठवड्याभरात ई-मेल न उघडता पुसण्याची सवय लागते.

पहिल्या पंधरवड्यात आलेले निकाल पाहून शब्द बदलावे लागतात. एखादा निरुपयोगी शब्द वारंवार येत असेल तर त्याला उणे चिन्ह लावावे. काहीच येत नसेल तर अवतरणचिन्हे काढून पाहावीत.

साधनाला काय दिसत नाही

अलर्ट आला नाही म्हणजे कोणी काही बोलले नाही, असा अर्थ काढणे ही यातली सर्वांत मोठी चूक. गुगल अलर्ट्सला फक्त उघड्या वेबवरचा मजकूर दिसतो. गोंदियातील कार्यक्रमांच्या बातम्या मुख्यतः दैनिकांच्या जिल्हा पुरवणीत येतात. ई-पेपरचे पान बहुतेकदा चित्राच्या रूपात असते, त्यातली अक्षरे गुगलच्या हाती लागत नाहीत. व्हॉट्सॲप गट पूर्ण बंद असतात. फेसबुकवरचा बराचसा मजकूर आणि इन्स्टाग्रामच्या स्टोरी अलर्टच्या कक्षेबाहेर राहतात. व्हिडिओत निवेदकाने माइकवरून घेतलेले मंडळाचे नाव शीर्षकात लिहिलेले नसेल तर तेही निसटते.

म्हणून हंगामात आठवड्यातून एकदा हाताने शोध घ्यावा लागतो. दोन-तीन दैनिकांची गोंदिया आवृत्ती डोळ्यांखालून घालावी. यूट्यूबवर शब्दयादीतले शब्द टाकून ‘या आठवड्यात अपलोड’ ही चाळणी लावावी. फेसबुकच्या शोधात ‘पोस्ट’ आणि ‘अलीकडील’ निवडावे. सार्वजनिक फेसबुक पाने तपासण्यासाठी जुन्या मार्गदर्शिकांत क्राउडटँगल हे साधन सुचवलेले असते. मेटा कंपनीने ते ऑगस्ट २०२४मध्ये बंद केले आहे, त्याचा शोध घेत वेळ घालवू नये.

यूट्यूबचे आकडे

स्वतःचे चॅनेल असेल तर यूट्यूब स्टुडिओ हे सर्वांत सकस साधन. मुख्य पानावर व्ह्यूजचा मोठा आकडा असतो. तो तूर्त सोडून आत जावे. ‘ट्रॅफिक स्रोत’ या भागात यूट्यूब शोधातून आलेले प्रेक्षक नेमके काय टाइप करून आले ते शब्द दिसतात. शब्दयादीत भर घालण्यासाठी याहून चांगला मार्ग नाही. मंडळ स्वतःला ‘लोककला पथक’ म्हणवत असेल आणि लोक ‘दंडार कॉमेडी’ शोधत येत असतील, तर पुढच्या शीर्षकात दोन्ही असावेत. विनोदी म्हणवून घेणे कमीपणाचे वाटले तरी.

दुसरा उपयोगी आलेख प्रेक्षक किती वेळ टिकला याचा. तीन तासांचे पूर्ण नाटक एका फायलीत टाकले की बहुतेक चॅनेलांवर तो पहिल्याच मिनिटात घसरतो, कारण नांदी, सत्कार आणि देणगीदारांच्या नावांतून वाट काढत बसायला मोबाइलवरचा प्रेक्षक तयार नसतो. मधेच कुठे आलेख वर चढलेला दिसला तर तो प्रसंग लोक मागे नेऊन पुन्हा पाहत आहेत. प्रत्यक्ष खेळातला वन्स मोअर तो हाच. असा प्रसंग कापून चार-पाच मिनिटांचा वेगळा व्हिडिओ करावा, आणि खेळ ठरवायला आलेल्या आयोजकाला तोच दाखवावा. पूर्ण नाटक फुकट टाकावे की नाही यावर कलावंतांत दोन मते आहेत. हंगाम चालू असताना चालू नाटकाचा शेवट तरी टाकू नये, हे शहाणपणाचे.

‘भूगोल’ या भागावर फार विसंबू नये. मोबाइल नेटवर्कवरून पाहणाऱ्याचे ठिकाण यंत्रणा अंदाजाने ठरवते. देवरीच्या खेड्यात पाहिलेला व्हिडिओ नागपूर किंवा मुंबईच्या खात्यात जमा होऊ शकतो. मात्र राज्याबाहेरच्या आकड्यांकडे लक्ष द्यावे. छत्तीसगड, मध्य प्रदेश किंवा तेलंगणातून प्रेक्षक सातत्याने दिसत असेल तर त्यामागे काही कारण असते. सालेकसा तालुक्यातील कचारगडला माघ पौर्णिमेच्या सुमारास गोंड समाजाची मोठी यात्रा भरते आणि या राज्यांतून भाविक येतात. गोंडी गाणी म्हणणाऱ्या कलावंताला यात्रेनंतरच्या आठवड्यांत बाहेरच्या राज्यांतले प्रेक्षक वाढलेले दिसले, तर पुढच्या वर्षी वर्णनात हिंदी आणि तेलुगू मजकूर घालणे फायद्याचे. मराठी प्रेक्षकाने त्यामुळे बिचकण्याचे कारण नाही, त्याला शीर्षक मराठीत मिळतेच.

कमाईबद्दल अपेक्षा माफक असाव्यात. जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळण्यासाठी यूट्यूबची अट एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहणे, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यू, अशी आहे. एका खेळाची तारीख मिळणे लहान चॅनेलच्या वर्षाच्या कमाईपेक्षा बहुधा मोलाचे असते.

गुगल ट्रेंड्स

ट्रेंड्समध्ये एखाद्या शब्दाच्या शोधाचे प्रमाण काळानुसार दिसते. आकडा शून्य ते शंभर असा सापेक्ष असतो. शंभर म्हणजे निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू, शंभर माणसे नव्हे. गावाचे किंवा मंडळाचे नाव दिल्यास ‘पुरेशी माहिती नाही’ असेच उत्तर येते. ‘झाडीपट्टी नाटक’, ‘मराठी नाटक’, ‘दंडार’ असे व्यापक शब्द, महाराष्ट्र हा प्रदेश, पाच वर्षांचा काळ आणि ‘यूट्यूब शोध’ हा प्रकार निवडला तर निदान हंगामाची चाहूल कधी लागते आणि दोन रूपांपैकी कोणते जास्त चालते एवढे समजू शकते. त्यापलीकडे या साधनाकडून फार मिळत नाही.

पानांवर नजर

कलावंताला प्रेक्षक मिळवून देणारे आणखी एक दार सरकारी आहे, आणि तिथे बातमी उशिरा कळणे म्हणजे संधी हुकणे. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय नाट्यस्पर्धा, महोत्सव आणि अनुदानांसाठी अर्ज मागवते. नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र राज्याबाहेरच्या महोत्सवांत लोककला पथके पाठवते. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची योजनाही याच खात्याकडची. या संस्थांच्या संकेतस्थळांवर नवी सूचना कोपऱ्यात लागते आणि मुदत मात्र ठरलेली असते.

यासाठी पान-बदल टिपणारी साधने आहेत. व्हिजुअलपिंग आणि डिस्टिल ही त्यांतली दोन परिचित. त्यांना पानाचा पत्ता द्यायचा, पानावरचा ‘सूचना’ किंवा ‘नवीन’ असा तेवढाच चौकोन निवडायचा आणि दिवसातून एकदा तपासायला सांगायचे. चौकोनात काही बदलले की ई-मेल येतो. पूर्ण पान निवडू नये, कारण सरकत्या फोटोंची पट्टी किंवा भेट देणाऱ्यांची संख्या बदलली तरी उगाच सूचना येत राहते. दोन्ही साधनांच्या मोफत प्रकारात थोडीच पाने बसतात, पण तीन-चार पानांसाठी ती पुरतात. शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर रोज सर्व खात्यांचे निर्णय येतात. तिथे पर्यटन व सांस्कृतिक कार्य विभाग निवडून आठवड्यातून एकदा स्वतः पाहिलेले बरे.

मिळालेल्या माहितीचे काय करायचे

अलर्ट आणि शोधांतून जे हाती येते ते एका तक्त्यात उतरवावे. गाव, तालुका, मंडई किंवा पटाची तारीख, आयोजक मंडळाचे नाव, बातमी कुठे दिसली, संपर्क झाला का, उत्तर काय आले. दोन हंगामांत हा तक्ता नाटक कंपनीच्या बुकिंगच्या वहीइतका मोलाचा होतो, कारण मंडईचे दिवस गावागणिक परंपरेने ठरलेले असतात. यंदा दिसलेले गाव पुढच्या वर्षी दसऱ्याआधीच गाठता येते. तारखा बसवताना रस्त्याचा आणि रेल्वेचाही विचार व्हावा. गोंदियाहून अर्जुनी, वडसा, नागभीडमार्गे बल्लारशाहकडे जाणारा लोहमार्ग झाडीपट्टीच्या मधोमध जातो, आणि त्या पट्ट्यातल्या लागोपाठच्या दोन तारखा सामान हलवण्याचा खर्च वाचवतात.

आयोजकाला पाठवायचा संदेश मात्र तयार मजकुराचा नसावा. ‘आपल्या गावच्या पटाची बातमी वाचली’ एवढ्या ओळखीने सुरुवात केली तर बोलणे पुढे सरकते. सोबत चार मिनिटांचा व्हिडिओ आणि व्हॉट्सॲप बिझनेसचा क्रमांक द्यावा. बॅनरवर क्यूआर कोड छापायचा असेल तर प्रत्येक गावासाठी वेगळी छोटी लिंक करून तिचा कोड छापावा, म्हणजे कोणत्या गावातून किती जणांनी पाहिले ते कळते. कोड बॅनरच्या खालच्या कोपऱ्यात नको. मंडईच्या गर्दीत तिथवर मोबाइल पोचत नाही.

निरीक्षण करताना स्वतःच्याच खेळाचे दुसऱ्याने टाकलेले चित्रण सापडणे नेहमीचे. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ३८ नुसार कलावंताला सादरीकरणावर हक्क असतो, आणि यूट्यूबकडे तक्रार करून असा व्हिडिओ काढून टाकता येतो. तरी पहिल्या झटक्यात तक्रार करू नये. चाहत्याने मोबाइलवर टिपलेला दहा मिनिटांचा तुकडा असेल तर मंडळाचे नाव, गाव आणि संपर्क वर्णनात घालायला सांगावे. फुकटची जाहिरात होते, शिवाय त्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत पुढचा आयोजक सापडू शकतो. पूर्ण नाटक टाकून कोणी त्यावर कमाई करत असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा पानाचा फोटो, पत्ता आणि तारीख जपून ठेवून रीतसर तक्रार करावी. मंडळात लेखक, संगीतकार आणि नट वेगवेगळे असतात, म्हणून तक्रार कोणाच्या नावाने करायची हे आधीच लेखी ठरलेले बरे.

एक मर्यादा पाळावी. प्रतिक्रिया देणाऱ्यांचे क्रमांक उचलून त्यांना न विचारता गटात घालणे लोकांना रुचत नाही, आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही संमतीकडेच आहे. जाहीर झालेल्या आयोजक मंडळाशी संपर्क करणे ठीक. खासगी माणसांची यादी करणे नको.

सगळ्याला मिळून हंगामात आठवड्याला दोन तास आणि एरवी अर्धा तास पुरतो. हे काम मुख्य नटाने किंवा दिग्दर्शकाने अंगावर घेऊ नये. मंडळातल्या मोबाइल हाताळणाऱ्या एखाद्या तरुणाकडे ते सोपवावे आणि त्याला नाटकाच्या हिशेबातून ठरलेले मानधन द्यावे. खात्याचा पासवर्ड मात्र मंडळाच्या दोघांकडे असावा, नाही तर तो मुलगा पुण्याला नोकरीला गेला की चॅनेलही त्याच्यासोबत जाते. होळीनंतर मंडई-पटाचे अलर्ट बंद ठेवावेत. नव्या नाटकाच्या तालमी सुरू होण्याआधी शब्दयादी पुन्हा तपासावी आणि दसऱ्याच्या पंधरा दिवस आधी अलर्ट चालू करावेत.